गावाची राखण

मराठीत आपण नेहमी वापरतो असा एक शब्द आहे, मागमूस. "शोध शोध शोधले, पण मागमूस लागला नाही," असे आपण सहज बोलून जातो. यातला माग म्हणजे पाऊलखुणा. आज आपल्याला ती बोलण्याची एक लकब वाटते. पण एके काळी हा माग म्हणजे आपल्या खेड्यांचा कायदाच होता. चोर कोणत्या वाटेने आला, कोणत्या शिवारातून निघून गेला आणि त्याने नेलेल्या मालाची भरपाई कोणी करायची, हे सारे त्या पाऊलखुणांवर ठरत असे.

आज मला बोलायचे आहे ते या गावच्या राखणीविषयी. गावात चोरीमारी होऊ नये, दंगाधोपा होऊ नये म्हणून गावाने स्वतः काय करायचे आणि सरकारने त्याला हात कसा द्यायचा, हा प्रश्न काही ग्रामरक्षक दल आणि तंटामुक्त समिती या नावांबरोबर जन्माला आलेला नाही. तो जुना आहे. आणि त्याचे जुने उत्तर नीट पाहिल्याशिवाय नव्या उत्तरांचे बरेवाईट आपल्याला कळायचे नाही, असे मला वाटते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि दख्खनचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात आला. त्या मुलखाचा कमिशनर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मराठ्यांच्या राज्यात कारभार कसा चालत होता याचा एक मोठा अहवाल त्याने १८१९ साली लिहिला. परक्याने लिहिलेला म्हणून तो टाकून देण्याजोगा नाही. माणूस चौकस होता, आणि जे चालू आहे ते घाईने मोडू नये अशा मताचा होता. गावच्या बंदोबस्ताचे त्याने जे वर्णन केले आहे ते थोडक्यात असे.

गावाचा प्रमुख पाटील. चोरीचा जाब सरकार प्रथम पाटलाला विचारणार. पाटलाच्या हाताखाली राखणदार, म्हणजे आपण ज्याला जागल्या म्हणतो तो. हे काम कोठे रामोशी करीत, कोठे भिल्ल, कोठे कोळी, कोठे महार किंवा मांग. जागल्याने रात्री गावात फिरावे, गावात कोण आले, गावातून कोण गेले यावर नजर ठेवावी, परका माणूस दिसला तर चौकशी करावी आणि संशय आला तर पाटलाच्या कानावर घालावे. गावातल्या प्रत्येक माणसाची चालचलणूक त्याला ठाऊक असावी अशी अपेक्षा. आणि एवढे करूनही चोरी झालीच, तर त्याने चोराचा माग काढावा.

आता खरी गंमत पुढे आहे. माग काढत काढत जागल्या गावच्या शिवेवर आला आणि पावले पलीकडच्या गावात शिरलेली दिसली, तर त्या गावच्या जागल्याला बोलावून त्याची खात्री पटवायची. त्याची खात्री पटली की पहिल्या गावाची जबाबदारी संपली, दुसऱ्याची सुरू झाली. मग त्या गावाने माग पुढे न्यायचा, तिसऱ्याच्या शिवेपर्यंत. ज्या गावात माग खुंटला, म्हणजे जेथून तो बाहेर गेला असे दाखवता आले नाही, त्या गावाच्या गळ्यात चोरी पडली. तिथला जागल्या आपल्या ऐपतीप्रमाणे भरपाई देणार, आणि उरलेली रक्कम गावावर बसणार.

यात अन्याय होता, हे एल्फिन्स्टननेच लिहून ठेवले आहे. ज्या गावाला चोरी थांबवता आली नाही आणि नुकसान भरून देण्याची ताकदही नाही, त्याच्याकडून पैसा काढणे न्यायाचे नव्हे, असे त्याचे म्हणणे. पूर्ण भरपाई क्वचितच वसूल होई, बहुधा काही दंड घेऊन प्रकरण मिटे, असेही तो सांगतो. पण हलगर्जीपणा किंवा चोराशी संगनमत उघड झाले की शिक्षा कडक. पाटलाचे किंवा जागल्याचे इनाम काढून त्याच्या जवळच्या नातलगाला देत, दंड करीत, बेड्या घालून कैदेत ठेवीत, फटकेही मारीत.

अन्याय होता हे खरे. तरीसुद्धा या रिवाजातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. शेजारच्या गावाकडे नुसते बोट दाखवून चालत नव्हते. 'चोर तुमच्यातला आहे' असे म्हणणाऱ्याने पाऊल दाखवायचे, आणि ते पाऊल शेजारच्या जागल्याला पटायला हवे. म्हणजे संशयाला पुरावा लागे, आणि तो पुरावा ज्याच्यावर संशय आहे त्याच्या माणसासमोर सिद्ध करावा लागे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

दुसरीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, आणि ती तितकी सुखाची नाही. जुन्या गावाला गावकूस असे, वेस असे. रात्री वेशीचे दार लागले की गाव निर्धास्त झोपे. पण ज्याच्या भरवशावर ते झोपे, तो राहात होता कोठे? महारवाडा गावकुसाबाहेर, मांगवाडा गावकुसाबाहेर, आणि रामोशाची खोपटीही बहुधा गावाच्या कडेलाच. दरोडेखोरांची टोळी आली तर पहिली गाठ त्याच्याशी. चोरी झाली तर पहिला जाब त्याला. आणि त्याचे घर लुटले गेले तर? त्याच्या घरात लुटण्यासारखे काही नसे, एवढीच त्याची सुरक्षितता. गावाने राखणीचे काम वाटून घेतले नव्हते. गावातल्या सर्वांत गरिबाच्या खांद्यावर ते ठेवले होते.

शिक्षक मित्रांना येथे एक सुचवावेसे वाटते. आपल्या गावच्या जुन्या जमिनींची नावे काढून पाहा. हाडकी-हाडोळा हे नाव पुष्कळ गावांत सापडेल. महारांना गावकीच्या कामाबद्दल मिळालेल्या इनाम जमिनीचे ते नाव. कोठे पाटीलकीचे इनाम सापडेल, कोठे रामोशाचे. मुलांकडून गावचा असा नकाशा काढून घेतला, तर राखण कोण करीत होता आणि त्याचा मोबदला म्हणून गावाने त्याला कसली जमीन दिली होती, हे पुस्तकाविनाच त्यांच्या ध्यानात येईल. काळी कसदार जमीन त्याच्या वाट्याला आली होती की माळरान, एवढे विचारले तरी बराच इतिहास कळतो.

आता रामोशांचे पुढे काय झाले ते पाहू. पुणे आणि सातारा भागात रामोशी गावेही राखीत आणि किल्लेही राखीत. पुरंदरच्या परिसरातले रामोशी त्यांपैकीच. कंपनीचे राज्य आल्यावर किल्ल्यांवरची शिबंदी मोडली. पिढीजात काम गेले, हक्क गेले, हातात राहिली ती कुऱ्हाड आणि डोंगराची माहिती. याच असंतोषातून उमाजी नाईक उभा राहिला. भिवडी गावचा हा रामोशी काही वर्षे कंपनी सरकारला पुरून उरला. सरकारने त्याच्याशी कधी लढाई केली, तर कधी तडजोड करून त्याला बंदोबस्ताच्या कामावरही घेतले. शेवटी ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी दिले. त्याला लुटारू म्हणायचे की बंडवाला, हा वाद आता उरलेला नाही. पण राखणदाराचे काम काढून घेतले आणि त्याला दुसरे काही दिले नाही की काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

पुण्याच्या छावणीत मात्र साहेब लोकांनी आपल्यापुरता सोपा मार्ग काढला होता. प्रत्येक बंगल्यावर एक रामोशी नोकरीला ठेवायचा. ज्या बंगल्यावर रामोशी आहे तेथे चोरी होत नसे. नाही ठेवला तर मात्र सांगता येत नसे! कुंपणच शेत खाते म्हणतात त्यातला हा प्रकार असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. ज्याला गावाने आणि सरकारने मिळून राखणीचा हक्क दिला होता, तो हक्क गेल्यावर तो आपल्या परीने वसूल करीत होता, इतकेच.

१८६७ साली मुंबई इलाख्यात गाव-पोलिसांचा कायदा झाला. जुना पाटील आता सरकारी कायद्यातला पोलीस पाटील झाला. गुन्ह्याची वर्दी द्यायची, गुन्हेगाराला धरून पुढे पाठवायचे, परक्या आणि संशयित माणसांची खबर ठेवायची, ही कामे कायद्याने लिहून दिली. वरवर पाहता जुनेच चालू राहिले. पण आतून एक मोठा बदल झाला होता. पूर्वी पाटील सरकारपुढे गावाचा माणूस म्हणून उभा राही. आता तो गावापुढे सरकारचा माणूस म्हणून उभा राहिला. चोरीची भरपाई गावाने करण्याचा रिवाज मागे पडला. चोरी ही सरकारी तक्त्यातली नोंद झाली.

आणि मग चावडीवर एक नवाच रिवाज सुरू झाला: हजेरी.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तरेकडे लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. या कायद्याचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो: अमुक जमातीत जन्मला म्हणजे तो गुन्हेगार. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींची माणसे नोंदवहीत चढली. बोटांचे ठसे घेतले गेले. दुसऱ्या गावाला जायचे तर परवानगी, रात्री हजेरी. कित्येकांना तारेच्या कुंपणात वसाहती करून ठेवले. सोलापूरकर अजूनही त्या वस्तीला सेटलमेंट म्हणतात. ज्या चावडीवर पूर्वी पाऊल पाहून चोर ठरे, तेथे आता जात पाहून चोर ठरू लागला. चोरी झाली की माग काढण्याचे कारणच उरले नाही. नोंदवही उघडायची, हजेरी घ्यायची आणि जो हजर नसेल त्याला धरायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे, पण तिचा कायदा झालेला यापूर्वी कोणी पाहिला नसेल.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली रद्द केला आणि देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. या जमातींचे लोक तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण कायद्याने शिकवलेली नजर काही त्या तारखेला गेली नाही.

इकडे गावकीच्या कामाविरुद्धही आवाज उठला होता. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी बिल मांडले. वतनदार महाराला सरकार आणि गाव रात्री-अपरात्री राबवून घेतात. तो घरी नसेल तर त्याच्या घरच्या माणसाला बोलावतात. आणि मोबदला पाहावा तर नावाला. हे वतन म्हणजे गुलामी आहे, असे त्यांनी ठासून सांगितले. ते बिल तेव्हा तडीस गेले नाही. कनिष्ठ गाव-वतने रद्द करण्याचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. त्यानंतर मुलकी पाटीलकी रद्द करण्याचा कायदा १९६२ साली झाला आणि १९६७ साली महाराष्ट्राचा स्वतःचा ग्राम पोलीस कायदा झाला. त्याने पोलीस पाटलाची पिढीजात गादी मोडली. पोलीस पाटील नेमणुकीने येऊ लागला, कोणत्याही जातीचा, पुढे पुढे बाईमाणूसही. आज कित्येक गावांत महिला पोलीस पाटील काम करतात, आणि गावातले भांडण चावडीऐवजी त्यांच्या ओसरीवर येते, हा बदल लहान समजू नये.

वतने गेली हे योग्यच झाले. पण मग रात्री जागायचे कोणी? याचे उत्तर स्वतंत्र भारताच्या कायद्याने असे दिले की, सर्वांनी. १९४६ सालच्या डिसेंबरात मुंबईत होमगार्डची स्थापना झाली, दंग्याधोप्याच्या काळात नागरिकांनीच पोलिसांच्या मदतीला यावे म्हणून. पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद आली. गावातल्या धडधाकट माणसांनी आपखुशीने नाव द्यावे, पोलीस अधीक्षकाने त्यांचे दल करावे, आणि त्यांनी आळीपाळीने गस्त घालावी. जातीवर आलेले काम प्रथमच पाळीवर आले. कल्पना साधी दिसते. पण जागल्याच्या इतिहासावरून पाहिले तर तिचे मोल कळते. ज्या रात्री पाटलाच्या पोराची आणि कुसाबाहेरच्या पोराची गस्तीची पाळी एकत्र लागली, त्या रात्री गावात काहीतरी नवे घडले.

अर्थात कागदावरचे दल आणि रात्री दोन वाजता हातात काठी घेऊन उभे राहणारे दल यांत अंतर असते. आम्ही शाळेत होतो तेव्हा, १९९० नंतरच्या काळात, चड्डी-बनियनवाल्या टोळीच्या बातम्यांनी गावेच्या गावे जागी झाली होती. पत्र्यांवर माणसे झोपत, शिट्ट्या वाजत, बॅटऱ्या फिरत. भीती होती तोवर गस्त होती. पावसाळा लागला, पेरण्यांची घाई आली, बातम्या थंडावल्या आणि गस्तही थंडावली. ग्रामरक्षक दलांचे बहुतेक ठिकाणी असेच होत आले आहे. भीतीवर उभी राहिलेली राखण भीतीबरोबर ओसरते, आणि पुन्हा उभी राहते तीही पुढच्या भीतीवरच.

भीती नसताना रोज चालेल अशी राखण कशी असते, याचे एक उदाहरण सांगतो. ते खेड्यातले नाही, भिवंडीचे आहे. पण खेड्यातल्यांनी ऐकावे असे आहे.

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातले यंत्रमागांचे गाव. मे १९७० मध्ये तेथे मोठी जातीय दंगल झाली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. मे १९८४ मध्ये पुन्हा तशीच दंगल. दंगल आणि भिवंडी हे जणू समीकरणच होऊन बसले. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले. शांतता समित्या तेथे पूर्वीही होत्या, नव्हत्या असे नाही. पण त्यांत बसत ते पुढारी आणि प्रतिष्ठित. सण जवळ आला की बैठक, चहा, निवेदन आणि सण संपला की समिती संपली. खोपडे यांनी समिती मोहल्ल्यात नेली. त्या त्या मोहल्ल्यातले हिंदू आणि मुसलमान, मागावर काम करणारी, दुकान चालवणारी साधी माणसे तीत घेतली आणि त्या भागाच्या पोलीस शिपायाला त्यांच्याबरोबर बसवले. बैठका नियमाने होऊ लागल्या, सण असो वा नसो. त्यांत बोलणे काही राष्ट्रीय ऐक्याचे नसे. नळाचे भांडण, पोरांची मारामारी, कोणी कोणाला दिलेली शिवी. असली भांडणे तेथल्या तेथे मिटू लागली. आणि बैठकीत खरे काम होत होते ते ओळखीचे. शिपाई माणसांना नावाने ओळखू लागला आणि माणसे शिपायाला.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाप्रमाणे त्यात ९०० माणसे मेली. मुंबईच्या उंबरठ्यावरची भिवंडी, जिथे सर्वांनी पहिला भडका अपेक्षिला असता, ती शांत राहिली. एकाच कारणाने इतिहास घडत नाही हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, आणि येथेही तसेच सांगेन. पण अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला प्रत्येक मोहल्ल्यात ओळखीचा माणूस होता, याचे वजन मोठे होते. पुढे मुंबईतही याच धर्तीवर मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

आता पुन्हा खेड्याकडे येऊ. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. त्या वेळचे गृहमंत्री आर. आर. पाटील हे सांगली जिल्ह्यातल्या अंजनी गावचे, खेड्यातल्या माणसाचा स्वभाव जाणणारे. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबांच्या नावाने स्वच्छतेची मोहीम चालवली होती आणि गावे चुरशीने झाडली गेली होती. तीच युक्ती त्यांनी तंट्यांना लावली. ग्रामसभेने समिती नेमावी, गावातल्या तंट्यांची नोंद करावी, दिवाणी, महसुली आणि कायद्याने तडजोड चालते असे फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवावेत, आणि जे गाव कसोटीला उतरेल त्याला लोकसंख्येप्रमाणे रोख बक्षीस. गुन्ह्याचे मूळ बहुधा बांधाच्या भांडणात असते. आज बांध कोरला म्हणून शिवीगाळ, उद्या काठी, परवा कुऱ्हाड. ते पहिल्या पायरीवर अडवायचे, ही या मोहिमेची दृष्टी, आणि ती अगदी बरोबर होती. वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊबंद एका पंगतीला बसल्याची उदाहरणे कितीतरी गावे सांगतात.

पण बक्षीस आले की आकडाही येतो. तंटा मिटला असे लिहायचे तर तो कोणीतरी मागे घ्यावा लागतो, आणि मागे कोण घेतो? बहुधा ज्याचा आवाज लहान तो. नवऱ्याने मारलेली बाई, मजुरी बुडालेला मजूर, ज्याला पाणवठ्यावर हटकले तो दलित. त्याला सांगितले जाते, "गावाच्या नावासाठी एवढे सोड." गंभीर गुन्ह्यांत तडजोड चालत नाही असे मोहिमेचे नियम सांगत होतेच, आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांचा १९८९ चा कायदा तर तडजोडीला मुळीच जागा ठेवत नाही. तरी गावाच्या दडपणाला नियमाची अडचण होत नाही, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून मला विचाराल तर तंटामुक्त गावाची पाटी वाचल्यावर मी एवढेच विचारीन की, तंटा मिटल्यावर गावात राहिले कोण आणि गाव सोडून गेले कोण?

आणि आता एक गोष्ट सांगायची आहे, जी टाळून हा विषय पुरा होणार नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. पाच माणसे तेथे आली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी, मूळची सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे भागातली. मुले पळवणारी टोळी हिंडते आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. त्यांच्यापैकी कोणी एका लहान मुलाशी बोलला, एवढे निमित्त झाले. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. पाचांनाही. त्यानंतर दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० रोजी, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीवान अशाच जमावाच्या हाती सापडून मेले. टाळेबंदीचे दिवस होते, चोर आणि मुले पळवणारे येतात अशी अफवा होती, आणि गावे रात्री गस्त घालीत होती.

गस्त घालीत होती, हे शब्द मी मुद्दाम उच्चारतो. त्या रात्री जागणारी माणसे आपल्या समजुतीने गावाची राखणच करीत होती. मग जुन्या जागल्यात आणि त्यांच्यात फरक काय? जागल्या परक्या माणसाची चौकशी करी आणि पाटलाकडे नेई. शिक्षा करण्याचा अधिकार त्याला नव्हता. चुकला तर त्याचे इनाम जाई. त्याला नाव होते, आणि त्याच्यावर जाब होता. राईनपाड्याच्या जमावाला नाव नव्हते, आणि ज्या निरोपावर तो पेटला त्या निरोपालाही नव्हते. तो कोणी लिहिला, कोणत्या गावातून आला, त्याला पुरावा काय, हे कोणी विचारले नाही. शिवेवर उभे राहून 'पाऊल दाखव' म्हणणारा कोणी राहिला नव्हता. आणि मेले कोण? पालावर राहणारे, गावोगाव फिरणारे भटके. ज्यांच्या सारख्यांना १९५२ पर्यंत चावडीवर हजेरी द्यावी लागत होती, त्याच जुन्या नजरेला ते पुन्हा सापडले.

त्या वर्षीच्या जुलैमध्येच व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पुढे ढकलता येणार नाही अशी मर्यादा घातली. बरे झाले, पण निरोपाचे मूळ कोठे आहे हे त्यातूनही कळत नाही.

या बाबतीत नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आणि पुणे, नाशिक या जिल्ह्यांतल्या गावांनी पोलिसांच्या सहकार्याने चालवलेली ग्राम सुरक्षा यंत्रणा मला अधिक विचाराची वाटते. गावातल्या घराघरातले फोन तीत नोंदवलेले असतात. दरोडा पडला, आग लागली, बिबट्या आला, मूल हरवले, तर संकटातल्या माणसाने एका ठरलेल्या क्रमांकावर फोन करून बोलायचे. त्याचाच आवाज त्याच वेळी परिसरातल्या सगळ्या फोनवर वाजतो. शेतातल्या वस्तीवर एकट्या राहणाऱ्या कुटुंबाला हा मोठाच आधार. परंतु तिच्या नियमांत एक बारीक अट आहे. बोलणाऱ्याने आधी स्वतःचे नाव सांगायचे, गाव सांगायचे, घटना कोठे घडते आहे ते सांगायचे. अपुरा किंवा नियमाबाहेरचा निरोप यंत्रणा पुढे जाऊ देत नाही. आणि पुष्कळ ठिकाणी ही नोंदणी घरोघर फिरून करून घेण्याचे काम पोलीस पाटील आणि प्राथमिक शिक्षक यांच्याकडेच आलेले आहे. ती करताना गावच्या माळावर पाल टाकून राहिलेल्या कुटुंबाचा फोनही त्या यादीत घ्यायचा की नाही, हे मात्र कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते. ते यादी करणाऱ्यानेच ठरवायचे असते.